आरवाडे डॉक्टर

चौदा सिनेमांत डॉक्टर होता नेमगोंडा आरवाडे.
शिक्षण : नववी नापास, हरिपूर.
नोकरी : मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर दिवाणजी.

नखांतली हळद कधी निघाली नाही.
कोल्हापूरचा मेकअपवाला वैतागायचा,
तोंड रंगवीन हो मी, या हातांचं काय करू?
म्हणून पडद्यावर बघा, त्याचे हात
कायम पांढऱ्या कोटाच्या खिशात.
लोक म्हणायचे, काय रुबाब आहे.

नाटकात मी त्याचा प्रॉम्प्टर. बावीस वर्षं.
विंगेत वही आणि बारकी बॅटरी घेऊन
त्याच्या श्वासाकडं कान लावून उभा.
त्याला शब्द द्यावा लागला नाही कधी.
उलट मीच पान चुकलो की
तो स्टेजवरून, मिशीआडून,
मला पुढची ओळ सांगायचा.

मुनीम, मामंजी, गावचा पोस्टमास्तर,
दुसऱ्या अंकात पत्र घेऊन येणारा, तिसऱ्यात न येणारा.
पाटीवर त्याचं नाव 'आणि इतर'च्या जरा वर,
कधी खाली.

एकदा जतला खेळ होता.
नायकाची एसटी कवठे महांकाळला बंद पडली.
मालक घामाघूम : आरवाडे, तुम्हाला पाठ आहे ना सगळं?
पाठ होतं. बायकांची कामंसुद्धा पाठ होती.
तो शांतपणे म्हणाला,
मग माझा मामंजी कोण करणार?
तिकिटाचे पैसे परत केले. मालक महिनाभर बोलला नाही.

परतताना ट्रकच्या हौद्यात, पडद्यांच्या गुंडाळ्यांवर
पाठ टेकून मला म्हणाला :
आमच्या हरिपुरात पेवात उतरायच्या आधी
दोरीला कंदील बांधून सोडतात.
विझला, तर माणसानं जायचं नाही.
माझा कंदील तीन मिनिटं जळतो रे.
नायकाचं पेव लई खोल.

मी तेव्हा हसलो होतो.

डॉक्टरचं वाक्य एकच असायचं.
ऑपरेशनच्या दारावरचा लाल दिवा विझणार,
तो बाहेर येणार,
आधी चष्मा काढणार,
मग नुसताच बघणार, आईकडं नाही,
तिच्या मागच्या रिकाम्या बाकाकडं.
आणि मग : आम्ही शर्थ केली.
'शर्थ'च्या आधी अर्धा श्वास.
तो अर्धा श्वास त्याचा. कुणी लिहून दिला नव्हता.

मारुती चौकात हौसाक्का भाजीवाली
त्याला गुडघा दाखवायची, पदर सावरून, भर बाजारात.
अक्का, मी खरा डॉक्टर न्हवं.
व्हय व्हय, टाकीजात बघितलंय की मी.
शेवटी तो खाली बसून गुडघा दाबून बघायचा.
हळद गरम करून बांधा, जिना चढू नका.
फी म्हणून दोन शेवग्याच्या शेंगा.
खरं सांगतो, तिला उतार पडायचा.

पाच सालच्या पुरात पेवं बुडाली.
माझ्या वह्या गेल्या, त्याचे सगळे फोटो गेले.
पत्र्यावर बसून, बोटीची वाट बघत
त्यानं मला अख्खा पहिला अंक म्हणून दाखवला.
सगळ्यांचे आवाज काढून.
खालून एक म्हैस वाहत गेली, तरी थांबला नाही.

मग मिरजेचा दवाखाना. मार्चमधला मंगळवार.
बाकावर त्याची लेक, जावई, आणि मी.
दार उघडलं. पोरगेलासा डॉक्टर,
चष्मा तसाच, एका हातात मोबाईल,
घडाघडा बोलून मोकळा झाला,
कुठं थांबला नाही.

आणि माझे ओठ हलले.
बावीस वर्षांची खोड. मी कुजबुजलो :
चष्मा.
आधी चष्मा काढा.

त्यानं विचारलं, काय म्हणालात?
काही नाही, म्हटलं.

परवा चौकात हौसाक्कानं हटकलं,
डॉक्टर दिसना झाल्यात, कुठं हाईत?
मला ओळ सुचेना. विंगेतून कुणी दिली नाही.
शूटिंगला, म्हणालो.

बरं, म्हणाली. आलं की सांगा,
आता डावा गुडघा दुखतोय.